नदीकांठच्या लोकांचा मधुमेह

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला. दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे अयोग्य आहारविहारानें ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश व रुक्ष असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, बहुभक्षी आणि बसण्यालोळण्याची आवड असणारा असतो. इतक्या प्राचीन काळीं हा भेद लक्षांत यावा, ही गोष्ट भारतीय वैद्यकास खरोखर भूषणावह होय. परंतु या भेदांतून जो पुढचा प्रश्न निघतो, त्याचें उत्तर मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. जन्म आणि पथ्य या दोहोंपैकीं कोणाचा वांटा किती? आणि अपथ्य घडलें तर तें नेहमीं खाणाऱ्याच्या जिभेमुळेंच घडतें काय?

एका रोग्याकडे पाहून या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. त्यासाठीं एका संबंध समाजाची कित्येक पिढ्यांची हकीकत हातीं असावी लागते. त्यांची शेती, त्यांचें अन्न, त्यांचें पाणी आणि त्यांचे आजार या सर्वांची नोंद असावी लागते. अशी नोंद जगांत फार थोड्या समाजांची सांपडते. त्यांतील एक समाज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अॅरिझोना प्रांतांत गिला नदीच्या कांठीं राहतो. बाहेरचे लोक त्यांना पिमा म्हणत आले. ते स्वतःस अकिमेल ओओधाम म्हणवितात, आणि त्याचा अर्थच मुळीं ‘नदीचे लोक’ असा आहे.

गिला नदी न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत उगम पावून पश्चिमेकडे वाहते आणि अॅरिझोनाचें वाळवंट ओलांडून कोलोरॅडो नदीस मिळते. या प्रदेशांत पाऊस अत्यल्प, उन्हाळा भाजून काढणारा. तरीहि तेथें प्राचीन काळापासून शेती होत आली ती केवळ नदीच्या जोरावर. पिमांचे पूर्वज मानले जाणारे होहोकाम लोक यांनीं लांकडी व दगडी हत्यारांनीं मैलोगणती पाट खणून हें पाणी शेतांवर नेलें होतें. त्यांची वस्ती पंधराव्या शतकाच्या सुमारास विसकटली. परंतु पाटांच्या खुणा राहिल्या. १८६७ नंतर जेव्हां गोऱ्या वसाहतवाल्यांनीं जवळच्या सॉल्ट नदीच्या खोऱ्यांत शेती आरंभिली, तेव्हां हे जुने पाट उकरूनच त्यांनीं आपले कालवे सुरू केले, आणि त्या जागीं वसलेल्या शहरास राखेंतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्यावरून फिनिक्स हें नांव पडलें.

पिमांचें जुनें अन्न पाहिलें तर त्यांत तीन वाटा दिसतात. पहिला वाटा शेताचा: मका, भोपळा, आणि टेपारी नांवाचें एक लहान दाण्याचें कडधान्य. टेपारीस पाणी फार थोडें लागतें. उन्हाळी पावसाच्या एकदोन सरींवर तें पिकतें. दुसरा वाटा रानाचा: मेस्कीट नांवाच्या झाडाच्या गोड शेंगा, सग्वारो निवडुंगाचीं फळें, चोया निवडुंगाच्या कळ्या. मेस्कीट हा वृक्ष भारतांतील शमीच्या कुळांतला आणि आज महाराष्ट्रांत जिकडेतिकडे माजलेल्या वेड्या बाभळीचा तर सख्खा भाऊ होय. त्याच्या शेंगा कुटून पिमा स्त्रिया त्याचें पीठ करीत. तिसरा वाटा नदीचा: मासे आणि कांठच्या झाडीतील ससे व पांखरें. हें सर्व मिळविण्यास अंग झिजवावें लागे. पाट दरसाल साफ करावा लागे, शेंगा उन्हांत गोळा कराव्या लागत, दळणकांडण हातानें चाले.

१६९४ सालीं युसेबिओ किनो हा जेझुइट धर्मोपदेशक गिलाकांठीं पोहोंचला. त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्या स्पॅनिश लोकांच्या संसर्गानें पिमांना गव्हाची ओळख झाली. गहूं हें हिंवाळी पीक. मक्याचा साठा संपून नवा मका येईपर्यंतचे जे उपासाचे महिने, ते गव्हानें भरून काढले. पिमांनीं हें पीक इतक्या उत्साहानें उचललें कीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते त्या संबंध वाळवंटाचे अन्नदाते झाले. १८४६ सालीं अमेरिकन सैन्याबरोबर विल्यम एमरी हा अधिकारी त्यांच्या गांवांवरून गेला. त्यांचीं आखीव शेतें आणि पाट पाहून तो थक्क झाला. प्रामाणिकपणांत तर हे लोक सुधारलेल्या राष्ट्रांच्याहि पुढें आहेत असा अभिप्राय त्यानें नोंदविला. १८४९ पासून कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठीं धांवणारे हजारों प्रवासी याच वाटेनें गेले. वाळवंटांत अर्धमेले झालेल्या त्या प्रवाशांना धान्य आणि पाणी मिळे तें पिमांच्या दारीं. पुढें टपालाच्या गाड्यांचे घोडे आणि सैन्याचे तळहि पिमांच्याच गव्हावर पोसले गेले. १८५९ सालीं त्यांच्यासाठीं राखीव मुलूख ठरविण्यांत आला. जमीन राखीव झाली. पाणी मात्र राखून ठेवण्याचें कोणासहि सुचलें नाहीं.

पाण्याचा नियम सर्व जगांत एकच आहे. ज्याचा पाट वर, त्याचें शेत आधीं भिजतें. १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस राखीव मुलुखाच्या वरच्या अंगास फ्लॉरेन्स गांवाभोवतीं नवे वसाहतवाले नदीचें पाणी वळवूं लागले. ज्यांच्या वाडवडिलांस पिमांनीं भाकरी दिली होती, त्यांनींच पिमांच्या शेतांचें पाणी तोडलें. १८८० नंतरच्या दशकांत फ्लॉरेन्सचा मोठा कालवा झाला, आणि कोरड्या ऋतूंत नदीचा प्रवाह खालीं येईनासा झाला. त्यांतच शतकाच्या शेवटीं अवर्षण पडलें.

पिमांमध्यें काठीवर खुणा कोरून वर्षांचा हिशेब ठेवण्याची रीत होती. गांवांतील एखादा वृद्ध दर वर्षाची एक खूण कोरी आणि त्या खुणेवरून त्या वर्षाची हकीकत सांगे. फ्रँक रसेल हा अभ्यासक १९०१-०२ मध्यें त्यांच्यांत राहिला तेव्हां त्यानें या काठ्यांवरील हकीकती उतरून घेतल्या. परंतु पिमांवर त्या सुमारास कोसळलेली आपत्ति वाचण्यास काठीची जरूर नव्हती. ती उघड्या शेतांवर दिसत होती. ज्यांनीं दुसऱ्यांना धान्य विकलें, ते आतां मेस्कीटचीं झाडें तोडून सरपण विकूं लागले आणि त्या पैशांत पीठ विकत घेऊं लागले. झाड गेलें तशा शेंगाहि गेल्या. नदी आटली तसे मासे आणि कांठची झाडी गेली. अन्नाचे तीनहि वाटे एका पिढींत बुजले. त्यांची जागा घेतली ती दुकानांतील आणि सरकारी शिध्याच्या वस्तूंनीं: पांढरें पीठ, साखर, डुकराची चरबी. याच तीन वस्तूंतून तळलेली ती जाड पोळी जन्मास आली, जी आज कित्येक लोक तेथील मूळ रहिवाशांचें परंपरागत अन्न समजतात. वास्तविक तें परंपरेचें अन्न नसून टंचाईचें अन्न होय.

आतां वैद्यांच्या नोंदींकडे वळूं. आलेश हर्ड्लिच्का या शरीरशास्त्रज्ञानें या भागांतील लोकांची पाहणी करून १९०८ सालीं आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत पिमांमध्यें मधुमेहाचा एकच रोगी आढळल्याचें त्यानें लिहिलें आहे. पुढें १९३७ सालीं बोस्टनचा प्रख्यात मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन याने अॅरिझोनांत पाहणी केली. त्याला पिमांमध्यें एकवीस रोगी मिळाले, आणि या लोकांत मधुमेहाचें प्रमाण इतर अमेरिकनांसारखेंच आहे असें त्यानें अनुमान काढलें. मधुमेह त्या काळीं आजच्याप्रमाणें शोधला जात नसे, ही गोष्ट मान्य करूनहि एवढें खरें कीं तोंवर कोणत्याहि वैद्यास हे लोक विशेष वेगळे वाटले नव्हते.

दरम्यान गिला नदीवर मोठें धरण बांधून त्यास अध्यक्ष कूलिज यांचें नांव देण्यांत आलें. पिमांचें पाणी परत मिळेल असें आश्वासन होतें. प्रत्यक्षांत तें पाणी वसाहतवाल्या शेतकऱ्यांबरोबर वांटून घ्यावें लागलें आणि कधींच पुरलें नाहीं. मग दुसरें महायुद्ध आलें. पिमा तरुण सैन्यांत गेले. इवो जिमाच्या टेकडीवर निशाण उभारणाऱ्या सैनिकांचें जें छायाचित्र १९४५ सालीं जगभर गाजलें, त्यांतील आयरा हेझ हा एक पिमाच होता. युद्धानंतर शेतीकडे परतण्याजोगी शेती उरलीच नव्हती. मजुरी, मोटार, डबाबंद अन्न आणि गोड पेयें यांचें जीवन सुरू झालें.

यानंतरची गोष्ट योगायोगाची आहे. १९६३ सालीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेचे संशोधक संधिवाताचा अभ्यास करीत होते. हवामानाचा संधिवातावर परिणाम होतो काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं थंड मोंटाना प्रांतांतील ब्लॅकफीट लोकांची आणि उष्ण अॅरिझोनांतील पिमांची तुलना मांडली होती. संधिवातासाठीं घेतलेल्या रक्तांत त्यांना साखर दिसली, आणि ती इतकी कीं संधिवात बाजूस पडला. १९६५ पासून पीटर बेनेट, टॉमस बर्च आणि मॅक्स मिलर यांच्या पुढाकारानें नवा अभ्यास सुरू झाला. पांच वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस दर दोन वर्षांनीं तपासणीस बोलवावयाचें, ठराविक ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त पाहावयाचें, डोळे, मूत्रपिंड व रक्तदाब तपासावयाचा, असा तो क्रम चार दशकांवर चालला. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा वैद्यकजगतास हादरविणारा होता: पस्तिशीच्या पुढील पिमांपैकीं सुमारें निम्म्या लोकांस मधुमेह होता. ज्ञात असलेल्या कोणत्याहि समाजांत इतकें प्रमाण तोंवर आढळलें नव्हतें.

या अभ्यासाचें ऋण आज प्रत्येक मधुमेह्यावर आहे. ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनीं रक्तांतील साखर दोनशेंवर गेली म्हणजे तो मधुमेह, हा जो नियम आज मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतहि पाळला जातो, तो ठरवितांना पिमांच्या रक्ताचे आंकडे प्रमुख आधार होते. या लोकांत हृदयविकारापेक्षां मूत्रपिंडें निकामी होण्यानें अधिक घात केला. कोणाचे डोळे गेले, कोणाचे पाय कापावे लागले. पुढें पुढें तर तरुणांत आणि शाळकरी मुलांतहि हा प्रौढांचा समजला जाणारा मधुमेह दिसूं लागला.

असें कां व्हावें? १९६२ सालीं जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञानें एक तर्क मांडला होता. ज्यांच्या पूर्वजांनीं सुकाळ-दुष्काळाचे फेरे सोसले, त्यांच्यांत अन्न मिळतांच तें मेदाच्या रूपानें साठविण्याची काटकसरी प्रकृति टिकून राहिली असावी. दुष्काळांत तीच तारक ठरली, आणि सदासुकाळांत तीच मारक झाली. हा तर्क आकर्षक होता आणि पिमांना तो चपखल बसतो असें पुष्कळांस वाटलें. परंतु असें एखादें काटकसरी जनुक निश्चितपणें हातीं लागलें नाहीं, आणि पुढें खुद्द नील यानेंहि आपल्या तर्कास मुरड घातली. शिवाय या तर्काचा एक अनिष्ट परिणाम झाला. रोग रक्तांतच आहे असें म्हटलें म्हणजे नदी कोणीं वळविली हा प्रश्न विचारण्याची आवश्यकता उरत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर सीमेपलीकडून आलें. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतांत, सिएरा माद्रे डोंगरांत मायकोबा नांवाचें खेडें आहे. तेथेंहि पिमा राहतात. भाषा जवळची, रक्त जवळचें, परंतु जीवन जुनें. डोंगरउतारावरची शेती, लांकूडतोड, मका, घेवडा, बटाटे असा त्यांचा क्रम होता. १९९० नंतरच्या दशकांत संशोधक तेथें पोहोंचले, आणि २००६ सालीं सविस्तर तुलना प्रसिद्ध झाली. अॅरिझोनांतील पिमांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ३८; मायकोबाच्या पिमांत शेंकडा सुमारें ७. अॅरिझोनांत शेंकडा ६४ पुरुष व ७५ स्त्रिया स्थूल. मायकोबांत शेंकडा ७ पुरुष व २० स्त्रिया. मायकोबांतील पिमांचें प्रमाण शेजारच्या पिमेतर मेक्सिकन लोकांपेक्षां कांहींसें अधिक होतें, म्हणजे जन्माचा वांटा अगदींच नाहीं असें नव्हे. परंतु सात आणि अडतीस यांमधील जें अंतर, तें अन्नाचें व श्रमाचें होतें. पुढें मायकोबांतहि नव्या राहणीचा शिरकाव झाला, आणि नंतरच्या पाहणींत तेथेंहि स्थूलता वाढलेली दिसली.

अन्नांत नेमका फरक कोणता, हेंहि प्रयोगानें पाहिलें गेलें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत टेपारी, मेस्कीट, मका इत्यादि जुन्या पदार्थांचे घांस देऊन रक्ततपासणी करण्यांत आली. हे पदार्थ पोटांत सावकाश पचतात. त्यांतील साखर रक्तांत हळूहळू उतरते आणि तिला पेशींत पोहोंचविणाऱ्या इन्शुलिनाची मागणीहि बेताची राहते. मैद्याचें तसें नाहीं. त्याची साखर लोटासारखी येते, इन्शुलीनहि लोटासारखें सोडावें लागतें. स्थूल शरीराच्या पेशी त्या इन्शुलिनास दाद देईनाशा झाल्या म्हणजे स्वादुपिंडावर ताण पडतो, आणि वर्षांनुवर्षें तो सोसून शेवटीं स्वादुपिंड थकतें. वाळवंटांतील वनस्पति आपलें पाणी धरून ठेवण्यासाठीं जे चिकट तंतु व डिंक बाळगतात, ते पचन मंदावण्यास कारण होतात. म्हणजे ज्या गुणानें झाड अवर्षणांत तगतें, तोच गुण खाणाऱ्याच्या रक्ताला उपकारक होतो.

या दीर्घ अभ्यासानें आणखी एक गोष्ट उजेडांत आणली, आणि ती सर्वांत विचार करावयास लावणारी आहे. गरोदरपणीं ज्या मातेस मधुमेह होता, तिचीं मुलें पुढें अधिक स्थूल होतात असें १९८३ सालीं दिसून आलें. परंतु तें मातेच्या बीजामुळें कीं गर्भाशयांतील साखरेमुळें? २००० सालीं याचा छडा लागला. एकाच आईचीं सख्खीं भावंडें घेतलीं: कांहीं आईस मधुमेह जडण्यापूर्वीं जन्मलेलीं, कांहीं नंतर. बीज तेंच, घर तेंच. परंतु नंतर जन्मलेल्या भावंडांस मधुमेहाचा धोका कितीतरी अधिक निघाला. उलट पहिले दोन महिने केवळ अंगावर पाजलेल्या मुलांत तो धोका कमी आढळला. म्हणजे सुश्रुताचे दोन प्रकार येथें एकमेकांत मिसळतात. आईचें अपथ्य तें मुलाचें सहज होतें. एका पिढीचें ताट दुसऱ्या पिढीचें जन्मजात दैव बनतें.

या ठिकाणीं पिमांची कथा महाराष्ट्राच्या दाराशीं येऊन ठेपते. अतिशय कमी वजनाचीं जन्मलेलीं पिमा मुलेंहि पुढें मधुमेहाकडे झुकतात असें १९९४ मध्यें दिसलें होतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुलें यांचा अभ्यास चालविला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचें सरासरी वजन साडेतीन किलो, तर येथील बाळाचें दोन किलो सातशें ग्रॅम. परंतु हें किडकिडीत बाळ मांसानें जितकें कमी, तितकें मेदानें कमी नव्हतें. वरून कृश आणि आंतून स्थूल अशी ही प्रकृति. सुश्रुताचीं दोन्हीं लक्षणें एकाच देहांत. अशा बाळाच्या नशिबीं पुढें शहर, गोड चहा, बिस्किटें आणि बैठें काम आलें म्हणजे काय होतें, हें आज शहरी कुटुंबांत निराळें सांगावयास नको. त्याच अभ्यासांत ज्या मातांनीं पालेभाजी, फळें व दूध वारंवार घेतलें, त्यांचीं बाळें मोठीं निघालीं. हीं औषधें बाजारांत मिळतात, आणि तीं वैद्याच्या चिठ्ठीवांचून मिळतात.

उपाय नाहीं असें नव्हे. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोक त्यांत होते, आणि नैर्ऋत्येकडील मूळ रहिवासीहि होते. बेताचा आहार, थोडें वजन उतरविणें व नियमित चालणें यांनीं मधुमेहाचा धोका शेंकडा ५८ नीं घटला. मेटफॉर्मिन या औषधानें शेंकडा ३१ नीं. परंतु पिमांमध्येंच १९९८ सालीं प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग त्याहून बोलका आहे. एका गटास आहार-व्यायामाचे रीतसर धडे देण्यांत आले. दुसऱ्या गटास धडे न देतां केवळ एकत्र जमवून स्वतःच्या जुन्या जीवनाविषयीं, इतिहासाविषयीं बोलतें करण्यांत आलें. वर्षाअखेर वजन, कंबर व साखर यांच्या मोजणींत हा दुसरा गटच सरस ठरला. गट लहान होते, म्हणून त्यावर मोठे सिद्धान्त उभारूं नयेत हें खरें. तथापि ज्याला आपली नदी आठवते, त्याला आपलें ताटहि आठवतें, असा अर्थ त्यांतून निघूं शकतो.

नदीविषयींचा न्यायहि उशिरां कां होईना मिळाला. अनेक दशकांच्या दाव्यांनंतर २००४ सालीं अमेरिकन कायद्यानें गिलाकांठच्या या समाजास दरसाल ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मान्य केला. एक एकर जमीन एक फूट खोल भरेल इतकें पाणी म्हणजे एक एकर-फूट. हें पाणी बरेचसें दूरच्या कोलोरॅडो नदीचें, कालव्यानें आणलेलें आहे. जुनी गिला नदी पूर्ववत् वाहूं लागली असें नव्हे. तथापि शेतांत पुन्हा पाट फिरूं लागले, आणि मध्यंतरीं जवळजवळ विसरलेली टेपारी तेथील कांहीं शेतकऱ्यांनीं पुन्हा पेरली. बिघाड व्हावयास एक पिढी पुरली होती. सुधारणेस किती लागतील हें गर्भांतील मुलांवर अवलंबून आहे.

मधुमेह्याला त्याच्या जिभेवरून बोल लावणें सोपें असतें, आणि त्यांत सत्याचा अंशहि असतो. परंतु पिमांचा इतिहास सांगतो कीं जिभेच्या अलीकडे ताट असतें, ताटाच्या अलीकडे शेत आणि शेताच्या अलीकडे पाणी. पथ्य पाळावयाचें तर तें या चारहि ठिकाणीं पाळावें लागतें, आणि त्यांतील तीन ठिकाणीं तें एकट्या रोग्याच्या हातचें नसतें.